90.4 चा पल्ला: सामुदायिक रेडिओच्या परवानगीची अडीच वर्षं

मार्च 2022 मध्ये सामुदायिक रेडिओचा, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या भागासाठी चालवायच्या छोट्या एफएम केंद्राचा, अर्ज भरला आणि सप्टेंबर 2024 मध्ये, पोळा होऊन आठवडा झाल्यावर, पहिला आवाज हवेत गेला. मधल्या तीस महिन्यांत काय काय लागलं, कुठे अडलं, पैसे कशात गेले आणि आवाज नेमका कुठवर पोचला, ते क्रमाने लिहून ठेवतोय. जागा लोहा-कंधारच्या मधला माळ, जिल्हा नांदेड. संस्था छोटी, नोंदणीकृत, गावपातळीवर काम करणारी. मराठवाड्यात आणखी कुणी या वाटेला जाणार असेल तर त्याचे निदान चार-सहा महिने वाचावेत.

आधी कायद्याची बाजू. डिसेंबर 2002 च्या धोरणात हा परवाना फक्त शैक्षणिक संस्थांना मिळायचा, 2006 च्या अखेरीस तो स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. संस्था अर्जाच्या दिवशी किमान तीन वर्षं जुनी हवी. प्रक्षेपणाची ताकद, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी ईआरपी, 100 वॅटपर्यंत. अँटेना जमिनीपासून किमान 15 आणि जास्तीत जास्त 30 मीटर. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला हवा. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा, काना-मात्रा न बदलता, लावता येतात. मात्र पाणी कधी सुटणार, लाईट कधी जाणार, हवामान, परीक्षांची माहिती, जत्रेतली वाहतूक यांना बातमी धरत नाहीत. गावाला नेमकं हेच हवं असतं, त्यामुळे या अटीची धास्ती घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढची प्रत्येक कटकट इथून सुरू होते: टॉवरची जागा. अर्जात एकदा अक्षांश-रेखांश लिहिले की त्याच आकड्यांवर गृह आणि संरक्षण खात्याची मंजुरी, फ्रिक्वेन्सी आणि सॅक्फाची (टॉवरची जागा आणि उंची तपासणारी केंद्राची समिती) जागा-मंजुरी मिळते. नंतर टॉवर दोनशे मीटर सरकवायचा म्हटलं तरी कागद पुन्हा फिरतो. म्हणून जागा अर्जाआधी पक्की करा, ऑफिसमध्ये नकाशावर वर्तुळ काढून नाही, हिंडून.

परवान्याशिवाय एक वॅटही हवेत सोडता येत नाही, मग तपासायचं कसं? एफएमची लहर जवळपास उजेडासारखी सरळ जाते, टेकडीआड फारशी वळत नाही. त्यामुळे उजेडानेच तपासायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये गावच्या पाण्याच्या टाकीवर रात्री आठ ते दहा एक हॅलोजन लावून ठेवला. दोन मोटारसायकली आठ दिशांना गेल्या. ज्या गावच्या वेशीतून दिवा दिसला तिथे टिकमार्क, नाही दिसला तिथे गुगल अर्थवर दोन्ही ठिकाणं जोडणारी रेघ काढून जमिनीचा चढ-उतार पाहिला. टाकी होती 15 मीटरची आणि टॉवर होणार होता 30 चा, हा फरक मनात धरून वाचायचं. खर्च पेट्रोलचा. यात लगेच कळलं की पाच किलोमीटरवरची मन्याड नदीच्या खोऱ्यातली दोन गावं कायम सावलीत राहणार आणि अकरा किलोमीटरवरचा पठारावरचा एक तांडा मात्र लख्ख उजेडात आहे.

आम्ही गावठाणातली फुकटची जागा सोडून दीड किलोमीटरवरचा माळ भाडेपट्ट्याने घेतला. त्याने जमीन 22 मीटर उंच मिळाली. सपाट भागाचं गणित असं आहे: ट्रान्समीटरची ताकद दुप्पट केली तर पल्ला फक्त एकोणीस-वीस टक्के वाढतो, अँटेनाची उंची दुप्पट केली तर चाळीसेक टक्के. लोक मशीन मोठं घ्यायला बघतात, पैसा उंचीत घालायचा असतो.

अर्जाची फी 2,500 रुपये. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, पदाधिकाऱ्यांची माहिती आणि आसपासच्या वस्त्यांचा नकाशा. आमची खरी चूक इथे झाली. मोबाईलवर रेखांश दशांशात दिसतो, फॉर्मला अंश-मिनिट-सेकंद लागतात. 77.18 म्हणजे 77 अंश 10 मिनिटं 48 सेकंद. आम्ही एका फॉर्मात ते 77 अंश 18 मिनिटं असं चढवलं. टॉवर कागदावर साडेबारा किलोमीटर पूर्वेला गेला. 18 मिनिटं हा दिसायला बरोबर आकडा असल्यामुळे फॉर्मने तो मुकाट्याने घेतला. पुढे सॅक्फाच्या फॉर्ममध्ये बरोबर आकडा लिहिल्यावर दोन्ही जुळेनात आणि दुरुस्तीपत्रात दहा आठवडे गेले. दशांशाचा भाग गुणिले 60 म्हणजे मिनिटं, उरलेला दशांश गुणिले 60 म्हणजे सेकंद. दोघांनी वेगवेगळं करून ताडून पाहा.

असाच घोळ समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा. काही मोबाईल ॲप उपग्रहाच्या गणिती पृष्ठभागापासूनची उंची दाखवतात आणि आपल्या भागात ती खऱ्या उंचीपेक्षा साठ मीटरहून कमी येते. सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशावरून उंची घ्या.

मार्च ते डिसेंबर 2022 फक्त वाट पाहणं. या काळात करण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे कार्यक्रमांचा साठा. जानेवारी 2023 मध्ये छाननी समितीसमोर मुलाखत झाली, वीस मिनिटं. तांत्रिक प्रश्न फार नव्हते. पैसा कुठून येणार, पाच वर्षं कसं चालवणार, महिला किती, गावातले कोण बोलणार, यावर भर होता. महिन्याच्या खर्चाचा कागद समोर ठेवला होता, तो कामी आला.

जून 2023 मध्ये लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं पत्र, हातात आलं. त्या दिवशी पेढे वाटले, ते जरा घाईचंच झालं, कारण हे पत्र म्हणजे अर्धाच रस्ता. त्यानंतर महिन्याच्या आत फ्रिक्वेन्सी आणि सॅक्फासाठी दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करायचा होता. सामुदायिक केंद्रांना बहुतेक 90.4, 90.8, 91.2 मेगाहर्ट्झ अशा ठरावीक जागांतूनच मिळतं. आम्हाला 90.4 मिळालं.

आणि इथे एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. नांदेड आकाशवाणी 101.1 वर आहे. 101.1 वजा 90.4 बरोबर 10.7. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटात आलेली लहर आधी 10.7 मेगाहर्ट्झवर उतरवली जाते आणि त्यासाठी सेट स्वतः एक लहर तयार करतो, ती लावलेल्या स्टेशनपेक्षा 10.7 ने वरची असते. म्हणजे शेजारच्या घरात कुणी 90.4 लावलं की त्याचा सेट हळूच 101.1 वर कुजबुजतो आणि भिंतीपलीकडे नांदेड ऐकणाऱ्याला शीळ ऐकू येते. शिवाय टॉवरच्या पायथ्याशी आपली लहर जोरकस, त्यात नांदेडची मिसळली की स्वस्त सेटमध्ये दोन्हींचा फरक थेट 10.7 वर जाऊन बसतो आणि डायल फिरवूनही गुरगुर जात नाही. मोबाईलमधल्या आणि नव्या चिपवाल्या सेटमध्ये हा त्रास नाही, त्यांची रचना वेगळी. टॉवरपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत पाच जुन्या सेटवर हे झालं. सेट खिडकीपासून हलवणं आणि एरियल आत ढकलणं एवढाच उपाय. आपल्या भागातलं जोरकस स्टेशन कितीवर आहे ते पाहा, त्यातून 10.7 वजा करा आणि येणारा आकडा नको, दुसरा चालेल, असं फ्रिक्वेन्सीच्या अर्जासोबत कारणासकट लिहा. मिळेलच असं नाही, पण एकदा मिळालेली बदलून घेण्यापेक्षा हे सोपं.

नोव्हेंबर 2023 मध्ये सॅक्फा झालं. जानेवारी 2024 मध्ये करार, त्यासोबत 25,000 ची बँक गॅरंटी. गॅरंटीचा मसुदा माहिती-प्रसारण खात्याने दिलाय तसाच लागतो. बँकेच्या शाखेने कधी असला कागद पाहिलेला नसतो, ते आपला छापील नमुना पुढे करतात. तीन फेऱ्या झाल्या. स्पेक्ट्रमचं वार्षिक शुल्क वेगळं. 2012 मध्ये ते 19,700 वरून एकदम 91,000 केलं होतं आणि देशभरच्या केंद्रांच्या ओरडीनंतर मागे घेतलं होतं, हे ठाऊक असलेलं बरं. फेब्रुवारी 2024 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. कराराची मुदत पाचावरून दहा वर्षं, जाहिरात तासाला सातऐवजी बारा मिनिटं, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये, आणि सल्लागार समितीत निम्म्या तरी महिला. हिशेबाने तासाला 5,328 रुपये होतात. तो आकडा पाहून कुणी कर्ज काढू नये, बारा मिनिटं भरतील इतक्या जाहिराती माळरानावर येत नाहीत.

टॉवर एप्रिल-मे 2024 मध्ये उभा केला. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत, शक्य असेल तर खडकापर्यंत न्यायचा. माळावर मुरूम तीन फुटांवरच लागला, गावठाणात दहा-बारा फूट खणावं लागलं असतं. टॉवरला नारिंगी-पांढरे पट्टे आणि वर लाल दिवा.

केबलवर पैसे वाचवू नका. 50 वॅटचा ट्रान्समीटर आणि 40 मीटर केबल धरा. आरजी-213 नावाची साधी जाड केबल घेतली तर वाटेतच जवळपास निम्मी ताकद जिरते, वर 27-28 वॅट पोचतात. अर्धा इंची फोम केबल घेतली तर 41 वॅट पोचतात. वर दोन डायपोलची (डायपोल म्हणजे एका रेषेतल्या दोन नळ्यांची साधी अँटेना) उभी अँटेना, ती आडव्या दिशेला ताकद दुप्पट करते, म्हणजे ईआरपी 82 वॅट. आरजी-213 वर हीच 55 झाली असती. केबलच्या किमतीतला फरक दुसऱ्या ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी कमी आहे.

परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समीटर तपासायचा तर 50 ओहमच्या डमी लोडवर (ताकद हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारं उपकरण), अँटेनावर नाही. डमी लोड किमान 100 वॅटचा घ्या. विक्रेत्याकडे डीलर पझेशन लायसन्स आहे का विचारा आणि बिलावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्या, वायरलेस ऑपरेटिंग लायसन्सच्या वेळी तोच मागतात. डमी लोडवर लावल्यावर आवाज चिरका, स-श टोचणारे येत होते. मायक्रोफोन बदलले, मिक्सरवर दोन दिवस घालवले. शेवटी मेनूत सापडलं: प्री-एम्फसिस, म्हणजे पाठवताना बारीक आवाज मुद्दाम चढवायची सेटिंग, 75 मायक्रोसेकंदवर होतं. ते अमेरिकेतलं, आपल्याकडे 50. एक आकडा बदलला आणि बायांचे आवाज बायांचे झाले.

स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. फोमचे पत्रे महाग आणि उंदीर खातात. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून लाकडी पट्ट्यांवर जुन्या वाकळा टांगल्या, दोन पदरी. टाळी वाजवून पाहायची, मागून टणत्कार आला नाही की झालं. वाकळेत धूळ फार बसते, महिन्यातून एकदा उन्हात टाका.

ऑगस्ट 2024 मध्ये ऑपरेटिंग लायसन्स आलं. एकूण खर्च: पायासकट टॉवर 3.4 लाख, ट्रान्समीटर-अँटेना-केबल 3.1, स्टुडिओ 2.6, सोलर आणि इन्व्हर्टर 90 हजार, अर्थिंग 55 हजार. म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. इन्व्हर्टरला 150 एएचच्या दोन बॅटऱ्या, 300 वॅटच्या लोडवर सहा तास निघतात. सकाळी लाईट नसली तरी सहा ते आठचा कार्यक्रम चुकत नाही, आणि शेतकरी ऐकतो तो त्याच वेळेला.

अर्थिंगवर 55 हजार कशाला, असं समितीत बोलणं झालं होतं. तरीही एक चूक राहिलीच. टॉवरच्या अर्थिंगचा खड्डा वेगळा, स्टुडिओचा वेगळा आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले नव्हते. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात टॉवरवर वीज उतरली. टॉवरचं अर्थिंग आणि स्टुडिओचं अर्थिंग यांच्यात क्षणभर विजेचा प्रचंड दाब तयार झाला आणि तो केबलवाटे आत शिरून मिक्सर आणि एका संगणकाचं लॅन पोर्ट घेऊन गेला. ट्रान्समीटर वाचला. नंतर जस्ताच्या पट्टीने दोन्ही खड्डे जोडले, केबल खोलीत शिरते तिथे विजेचा झटका जमिनीत वळवणारा अरेस्टर बसवला. काळ्या मातीतल्या खड्ड्याला उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी लागतंच, माती आकसून सळईपासून सुटते.

अँटेनाच्या जोडावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, त्यावर पीव्हीसी टेप, आणि केबल आत येण्याआधी खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परतणाऱ्या ताकदीचा आकडा रोज सकाळी वहीत लिहा. 50 वॅटवर दोन वॅट परत येत असतील तर एसडब्ल्यूआर (अँटेना-केबल किती नीट जुळलेत त्याचं माप, 1 म्हणजे पूर्ण जुळलेलं) 1.5, इथवर ठीक. पाऊस पडला की तो वाढतो आणि उन्हं आली की उतरतो असं झालं तर जोडात पाणी शिरलंय, टॉवरवर चढणारा माणूस बोलवा.

पल्ल्याची मोजणी नोव्हेंबर-डिसेंबर 2024 मध्ये केली. फील्ड स्ट्रेंथ मीटर परवडत नाही. एकच साधा सेट, तोच माणूस, एरियल तेवढंच, दर अर्ध्या किलोमीटरला थांबून एक ते पाच गुण आणि जीपीएस. माणूस किंवा सेट मधेच बदलला तर आकड्यांना अर्थ राहत नाही. सोबत यूएसबीची स्वस्त आरटीएल-एसडीआर कांडी (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर), तिच्यावर दोन ठिकाणांतला फरक डेसिबलमध्ये दिसतो. मोकळ्या शिवारात हातातल्या सेटवर स्टिरिओ सहा किलोमीटरपर्यंत स्वच्छ आला, पुढे खरखर. मोनो लावला तर तीच खरखर आठ किलोमीटरनंतर सुरू झाली. कागदावरही असंच आहे: ग्रामीण भागात स्टिरिओला 54 डेसिबल लागतात, मोनोला 48. आमचे सगळे कार्यक्रम बोलण्याचे, ओव्यांचे, भजनाचे. स्टिरिओ बंद केला. एक बटण, आणि दोन किलोमीटरची गावं आत आली. शहरी पाहुणे नाक मुरडतात, मुरडोत.

घराघरांतही फरक. पत्र्याच्या खोलीत सेट अर्धमेला होतो. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात भिंत दोन-अडीच फुटांची, आत काही येत नाही, खिडकीत ठेवला की बोलतो. माळवदावर नेला तर तिप्पट जोर. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बाजेवर ठेवलेला सेट सगळ्यात सुखी. मोबाईलमध्ये इअरफोनची वायर हीच एरियल असते, वायर गोळा करून खिशात ठेवली तर येणार नाही, हे प्रत्येक गावात सांगावं लागलं. आणि अनेक नव्या फोनमध्ये एफएम नाहीच, वायर लावायचं भोकही नाही. 2023 मध्ये केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याबद्दल सूचना काढली, पण जुने फोन त्याने बदलत नाहीत.

स्पर्धेबद्दल बरेच जण विचारतात. या भागात परभणी आकाशवाणीचं 1305 किलोहर्ट्झ ऐकत माणसं मोठी झाली. मध्यम लहरी जमिनीला धरून टेकड्या ओलांडतात, एफएमने तसं पोचायचं स्वप्न पाहू नये. नांदेडचं 101.1 आमच्या सगळ्या गावांत येतं. त्यांच्या वेळेला त्यांच्यासारखाच कार्यक्रम लावून पाहिला, तीन आठवड्यांत फोन बंद झाले. मग दुपारी दोन ते चार घेतलं, बायांचं काम हातावेगळं होतं ती वेळ. शिवाय आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी कोणत्या गावात कुणाकडे काय विकायला आहे, ते. माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत कोणता रस्ता बंद आणि पार्किंग कुठे, हे दर अर्ध्या तासाला. नांदेडहून हे कुणी सांगणार नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे एक वेगळाच प्रकार होतो. खाली थंड हवा, वर उबदार थर, आणि लांबच्या स्टेशनांच्या लहरी त्यात वाकून इथवर येतात. देशात 90.4 वर बरीच केंद्रं आहेत, काठावरच्या गावांत साडेआठपर्यंत आपल्यावर दुसरंच कुणी बोलत असतं. मशीन बिघडलं नाही, ऊन चढलं की जातं.

सावलीतल्या त्या दोन गावांना शेवटी टॉवरने नाही, तारेने गाठलं. मारुतीच्या देवळाच्या शिखराजवळ बांबूवर घरगुती डायपोल: ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी 79 सेंटिमीटर, मध्ये बोटभर अंतर, नळ्या उभ्या, कारण आमची अँटेना उभी आहे. आडवी बांधली तर बरीचशी लहर वाया जाते, पहिल्यांदा तशीच बांधली होती. खाली टीव्हीची 75 ओहमची केबल आणि देवळाच्याच भोंग्याला जोडलेला जुना सेट. सामान 420 रुपयांचं. एका गावात दुपारचा कार्यक्रम आता पारावर ऐकू येतो. दुसऱ्या गावात अजून खरखर आहे, तिथे बांबू आणखी दहा फूट वाढवायचाय.